शून्याच्या तिकिटाचा दंड

मला बघून आनंद झालेला माणूस मी नोकरीत कधी पाहिला नाही. गाडी लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेली असो की बाजारकऱ्यांनी, मी पायरीवर पाय ठेवला की बोलणी थांबायची. ज्यांच्याकडं तिकीट असायचं तेही उगाच खिसे चाचपायचे. मी एसटीच्या लाल गाडीवर तिकीट तपासणीस होतो. लोक चेकर म्हणतात. वाहक मंडळी पाठीमागं आणखी जे म्हणतात ते दिवाळीच्या अंकात छापण्याजोगं नाही.

निवृत्त झाल्यावर माझ्या व्याह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "आयुष्यभर लोकांना दंड केलात, त्यातले बरोबर किती अन् चूक किती?" मी म्हणालो, "नियमानं सगळे बरोबर." ते हसले आणि पोळीकडं वळले. मला मात्र पुढचा घास गोड लागला नाही. नियमानं बरोबर असणं आणि बरोबर असणं यात फरक आहे, हे मला एका मेंढपाळ म्हाताऱ्यानं दाखवलं होतं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे कोण कुठं अडकलं ते कळेल.

गाडी आगारातून सुटली की ती वाहकाच्या हवाली. आत किती माणसं बसली आणि किती जणांना तिकीट दिलं हे एक वाहक जाणे नाहीतर देव जाणे. आमचं पथक म्हणजे त्यातला आगंतुक. एक जीप, दोन तपासणीस आणि जीपचा चालक. फाट्यावरच्या लिंबाखाली जीप लावायची, गाडी दिसली की हात करायचा. वर चढल्यावर सगळ्यात आधी वाहकाचं तिकिटाचं मशीन ताब्यात घ्यायचं, नाहीतर आम्हाला बघून भराभर तिकिटं निघायला लागतात. मग एकानं दारात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं मागच्या बाकापासून तिकिटं बघत पुढं यायचं.

विनातिकीट माणूस सापडला की त्याला एकच प्रश्न विचारायचा. "पैसे दिले का?" हा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण आमच्या धंद्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. माणूस "दिले" म्हणाला, तर पैसे घेऊन तिकीट दिलं नाही म्हणून वाहकावर केस होते. "नाही" म्हणाला, तर दंड प्रवाशाला. एकाला सोडलं की दुसरा अडकतो. कुणीच दोषी नाही असं लिहायची सोय आमच्या कागदात नव्हती. दंड वाचवायला माणूस सहज "दिले" म्हणतो आणि त्या एका शब्दापायी वाहकाचं घर बसतं. म्हणून मी चेहरा बघायचो, उलटसुलट विचारायचो. कोणती नोट दिली, सुटे परत आले का, कोणत्या हातानं घेतले. खोटं बोलणारा नोटेपर्यंत टिकतो, सुट्यांवर घसरतो.

लोक दंडावर भांडतात आणि भांडावंच, असं माझं मत आहे. सिल्लोडच्या मोंढ्यात मक्याचा व्यापार करणारे एक हाजीसाहेब होते. त्यांना मी दंड केला, कारण तिकीट त्यांच्या फाट्यापर्यंतचं आणि ते फाट्याच्या पुढं गाडीत बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, फाटा गेला तेव्हा गाडी थांबली का?" रस्ता रुंद करताना थांबा पलीकडं सरकवला होता, भाड्याचा टप्पा मात्र जुन्याच जागी राहिला होता. "गाव अलीकडं, थांबा पलीकडं. मधल्या मधी मी काय उडी मारू?" त्यांनी दंड भरला आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ज करायला लागले. माणूस एवढा चिवट, की कार्यालयातला शिपाई त्यांना बघून चहा सांगायचा. शेवटी टप्पा दुरुस्त झाला आणि दंड परत मिळाला. पैसे परत घेताना ते मला म्हणाले, "तुमची चूक नव्हती, पर मपली बी नव्हती." असा समंजस माणूस विरळा.

चितेगावच्या कंपनीतला एक कामगार होता. त्याला काहीतरी चघळत राहायची सवय. मी तिकीट मागितलं तेव्हा त्यानं घाबरून तोंडात बोट घातलं आणि सुपारीसकट तिकिटाचा गोळा हातावर काढला. मशीनमध्ये त्याच्या गावाचं तिकीट निघालेलं दिसत होतं. पण नियम म्हणतो की तिकीट दाखवता आलं पाहिजे. तो गोळा पुढं करून तो म्हणाला, "दावलं की." त्याला मी सोडून दिलं. माझ्या जोडीदारानं नंतर आठवडाभर माझी टर उडवली.

आता मूळ गोष्टीकडं येतो. पंचाहत्तर वर्षांवरच्या माणसांना सरकारनं प्रवास फुकट केला, तेव्हाची ही गोष्ट. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं कार्डावर एक जानेवारीला जन्मली आहेत, कारण खरी तारीख कुणालाच माहीत नाही. पण तो प्रश्न आमचा नव्हता. आमचा प्रश्न वेगळाच होता. प्रवास फुकट असला तरी तिकीट घ्यावं लागायचं. वाहक मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो, ते उतरेपर्यंत जपायचं. पुष्कळ म्हाताऱ्यांना हे कळायचं नाही. पैसे नाहीत तर तिकीट कशाचं, असं त्यांना वाटायचं. आणि आमच्या पंचाइतीची गोष्ट म्हणजे "पैसे दिले का?" हा आमचा हुकमी प्रश्न इथं लागूच पडत नव्हता.

गंगापूरहून येणारी सकाळची गाडी आम्ही लिंबेजळगावच्या पुढं अडवली. गाडी खच्चून भरलेली. वाळूजच्या कारखान्यांत जाणारे कामगार, दवाखान्याला निघालेली माणसं, कॉलेजच्या मुली. वाहक होती शोभा. कामाला चोख, पण तिच्यावर आधीची एक केस चालू होती. एका प्रवाशानं "दिले" म्हटलं होतं आणि ती "नाही घेतले" म्हणत होती. तिचा निकाल लागायचा होता. तेवढ्यात दुसरी केस झाली असती तर निलंबन ठरलेलं. घरात नवरा आजारी आणि तिच्या पगारावर चूल. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी मशीन मागितलं.

चालकाच्या मागच्या बाकावर रखमाजीबाबा बसले होते. अंगानं काटक, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी. गंगापूर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचे धनगर. जन्म मेंढरांमागं गेलेला. आता कळप मुलाकडं होता आणि हे मोतीबिंदू दाखवायला शहरात निघाले होते. मी तिकीट मागितलं.

"मला लागत नाय," बाबा म्हणाले आणि आधार कार्ड पुढं केलं.

"पैसे लागत नाहीत बाबा. तिकीट लागतं."

"पैसं लागत नाय, तर तिकीट कशाचं?"

गाडीत खसखस पिकली. शोभा पुढं आली आणि म्हणाली, "साहेब, मी देत होते. बाबा म्हणाले राहू दे."

मी बाबांना विचारलं, "खरं आहे का?"

इथं ते "नाही" म्हणाले असते तर सुटले असते आणि केस शोभावर गेली असती. मी ते त्यांना स्पष्ट सांगितलंही नव्हतं, तरी शोभाच्या तोंडाकडं बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. ते म्हणाले, "व्हय. लेकरानं देऊ केलं व्हतं. म्याच म्हणलं राहू दे. सरकार फुकट नेतंय तेवढं लई झालं, वरून कागद कामून वाया घालायचा?"

माणूस अदबीनं वागायला गेला होता. ज्याच्या घरी ताक मिळालं त्याच्याकडं वर लोणी मागू नये, अशातली ती अदब. पण आमच्या नियमात अदबीला रकाना नाही. प्रवाशानं तिकीट घेतलं नाही, म्हणून दंड प्रवाशाला. मी तसं सांगितलं आणि पावतीचं यंत्र काढलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मेंढक्यांची सवयच हाय साहेब. चारायचं बी फुकट अन् फिरायचं बी फुकट." बोलणारा बाबांच्याच गावचा बागायतदार होता. मळ्यात ऊस, अंगावर कडक इस्त्री. चार माणसं हसली.

रखमाजीबाबांनी मागं वळून पाहिलं नाही. मला म्हणाले, "दंड किती त्यो मग सांगा. आधी नुकसान दावा."

मला वाटलं म्हातारा बरळतोय. मी म्हणालो, "नुकसानीचा प्रश्न नाही बाबा, नियम आहे."

"आमच्यात बी नेम हाय," ते म्हणाले. "मेंढरं पिकात शिरली तर मालक थेट दंड लावत नाय. आधी पंच बांधावर येत्यात. किती सऱ्या तुडीवल्या, कुठवर खाल्लं, समदं बघत्यात. मालकाला बी उभं करत्यात अन् मेंढक्याला बी. मग दंड ठरतो. नुकसान न बघता घेतला त्यो दंड नाय साहेब, त्याला लूट म्हणत्यात. तुमच्या गाडीचं म्या काय खाल्लं ते दावा. म्या भरतो."

मी शेतकऱ्याचा मुलगा. हे सगळं लहानपणी पाहिलेलं. पण गाडी मधोमध रस्त्यात उभी, कामगारांची हजेरी चुकायला आलेली, मागून हॉर्न वाजताहेत. मी म्हणालो, "भरणार की नाही तेवढं सांगा." दंड भरायला नकार दिला तर प्रवाशाला पोलीस ठाण्यात नेता येतं. या माणसाला मी ठाण्यात नेणार होतो का? नव्हतो. पण नेईन असं म्हणालो.

आमच्या जीपचा चालक पठाण दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "साब, मैं भरतूं ना. छोडो बुढ्ढे को." त्यानं खिशात हातही घातला.

बाबांनी त्याला हातानं थांबवलं. "नगं. तू भरला तर मी चोर ठरतो अन् तू पुण्यवान." मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातावर ठेवली. "हे ठिवून घ्या. पंच बसले की नुकसान दावा. मग दंड देतो अन् घेऊन जातो."

त्यांच्यात ही रीत आहे. पंच बसेपर्यंत मेंढपाळ आपलं काहीतरी मालकाकडं ठेवतो. कोकरू ठेवतो, घोंगडी ठेवतो. त्याचा अर्थ मी पळून जाणार नाही, मला ऐकून घ्या. मी त्या घोंगडीसकट गाडीतून खाली उतरलो. पावती फाडायची राहिली. मी अहवाल लिहिला आणि त्यात "प्रवाशास दंड अमान्य, सुनावणीची मागणी" एवढं घातलं. घोंगडीचं काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून लिहिलं नाही. पठाणनं ती जीपमध्ये मागच्या सीटवर ठेवली आणि दिवसभर तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. संध्याकाळी मी ती कार्यालयातल्या कपाटात ठेवली.

दंड मान्य नसेल तर विभागीय कार्यालयात दाद मागता येते, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असतं. आम्हीही ते ओरडून सांगत नाही. रखमाजीबाबा मात्र बोलावल्या दिवशी सकाळीच येऊन बाकावर बसले. डोळ्याला हिरवी पट्टी, म्हणजे मोतीबिंदू काढला होता. शोभालाही बोलावलं होतं. ती दाराशी उभी होती. अधिकारी मॅडम नव्या होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. बाबांना त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसवलं.

बाबांनी आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. मला वाटलं होतं मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, नुकसान आहे. सांगते. तुम्हाला वाटतं तुम्ही फुकट जाता. तुम्ही फुकट जात नाही. तुमचं भाडं सरकार आमच्या खात्याला देतं. पण किती म्हातारी माणसं बसली हे सरकारला कसं कळणार? त्या शून्याच्या तिकिटांवरून. तुम्ही तिकीट घेतलं नाही, म्हणजे कागदावर तुम्ही गाडीत बसलाच नाहीत. मग तुमचं भाडं आम्हाला मिळत नाही."

बाबा खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "म्हंजे मी फुकट्या नव्हतो?"

"नाही."

"मपलं भाडं भरलं जात व्हतं."

"हो, तिकीट घेतलं असतं तर."

त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. "हे त्या दिशी गाडीत कामून सांगितलं नाय, साहेब?"

मला ते माहीत होतं. भरल्या गाडीत माणसांसमोर मी एवढंच म्हणायला हवं होतं की बाबा फुकट जात नाहीत, त्यांचे पैसे सरकार भरतं. मागच्या बाकावरचं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण गाडीत नियम सांगायची सवय होती, नियमाचं कारण सांगायची नव्हती. दंड वसूल करायला कारण लागत नाही.

"नुकसान हाय," बाबा मॅडमना म्हणाले. "मला मान्य हाय."

मॅडमनी पेन उचललं. "तरीपण तुमचं वय आहे आणि चूक अजाणता झाली आहे. मी दंड माफ करते. तुम्ही जा."

मला हायसं वाटलं. बाबांना वाटलं नाही. त्यांनी दाराकडं बघून विचारलं, "मग या लेकराचं काय?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. नियम मला सांगावा लागला. गाडीत विनातिकीट प्रवासी सापडला होता, हे कागदावर आलेलं. दंड माफ म्हणजे प्रवाशाचा दोष नाही. प्रवाशाचा नाही तर वाहकाचा. तिकीट न देता प्रवासी बसवला, अशी केस शोभावर जाणार. मॅडम म्हणाल्या, "तिचं आपण वेगळं बघू." पण आवाजात जोर नव्हता, कारण वरच्या कार्यालयात आधीच्या केसची फाइल उघडी होती हे त्यांनाही माहीत होतं. शोभा खाली मान घालून उभी होती.

रखमाजीबाबांनी फार विचार केला नाही. "माफी नगं," ते म्हणाले. "तिनं देऊ केलं, म्या नगं म्हणलं. मेंढरं मपली, दंड मपला."

त्यांनी कनवटीचे पैसे काढून टेबलावर ठेवले. मी पावती केली. पावती हातात घेऊन त्यांनी मला ती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. नाव, गाव, रक्कम आणि कारण, विनातिकीट प्रवास केल्याबद्दल.

"तेवढं शेवटचं बदला," बाबा म्हणाले. "नुकसान भरलं असं ल्ह्या."

मॅडम म्हणाल्या, "ते यंत्रातूनच छापून येतं, बाबा. आम्हाला बदलता येत नाही."

"हातानं ल्ह्या की."

हातानं लिहिलेलं चालत नाही, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. बाबांनी पावतीची घडी घालून बंडीत ठेवली. मी कपाटातून घोंगडी आणून दिली. त्यांनी ती झटकली, खांद्यावर टाकली, मॅडमना रामराम केला आणि निघाले. शोभा त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवलेला तेवढा दिसला.

दंड न्याय्य होता का? मी पुष्कळ विचार केला आहे. दंड असावा, या मताचा मी आजही आहे. दंड नसेल तर निम्मी गाडी तिकीट काढणार नाही आणि त्याचा भार प्रामाणिक माणसावर पडेल. पण बाबांच्या पंचांचा दंड नुकसानीचा होता आणि आमचा दंड भीतीचा. आम्ही शंभर गाड्या सोडतो आणि एक पकडतो, म्हणून त्या एका गाडीत सापडलेल्या माणसाला असं झोडतो की बाकीच्यांना जरब बसावी. मग त्या एका माणसाचं काय होतं ते बघायला आम्ही परत जात नाही. आमची जीप पुढच्या फाट्यावर गेलेली असते.

मला ते बघायला मिळालं, तेही निवृत्तीनंतर. एक दिवस शोभाचा फोन आला. तिची जुनी केस निकाली निघाली होती, नोकरी शाबूत होती. पण फोन त्यासाठी नव्हता. म्हणाली, "साहेब, बाबा ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगून बघा."

"काय झालं?"

"पूर्ण तिकीट मागतात. मी शून्याचं देते तर घेत नाहीत. दुसऱ्या वाहकांनाही असंच करतात. गावात त्यांना आता झिरोबाबा म्हणतात, साहेब. त्या बागायतदारानं ठेवलंय नाव. लहान लेकरंसुद्धा हाक मारतात."

गावाला एवढंच ठाऊक होतं की म्हातारा फुकट फिरताना धरला गेला आणि त्याला दंड झाला. त्यानं तो कुणासाठी भरला हे सांगणारं गावात कुणी नव्हतं, आणि बाबा स्वतः सांगणाऱ्यातले नव्हते. पावती होती, पण पावतीवरही तेच छापलं होतं.

डोळ्याचं औषध घ्यायला ते महिन्यातून एकदा शहरात येतात असं शोभाकडून कळलं. मी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन त्यांना गाठलं. मलाही त्या दिवशी गंगापूरला भाचीकडं जायचं होतं. फलाटावरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. डोळा आता स्वच्छ झाला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि तंबाखू पुढं केली.

मी म्हणालो, "बाबा, पूर्ण तिकीट कशाला काढता? तो तुमचा हक्क आहे. मॅडमनी सांगितलं ना, तुमचं भाडं भरलं जातं."

"म्हायतीय मला," ते म्हणाले.

"मग?"

"मला म्हायती हाय, तुमाला म्हायती हाय. गाडीला नाय." तंबाखूची चिमूट त्यांनी गालात ठेवली. "शून्याचं तिकीट हातात असलं की मागं कुणी हसलं तरी मला वाटतं मलाच हसलं. पैसं दिलं की सरळ बसाय येतं. एवढंच हाय."

मी त्यांना आणखी समजावलं. सुनावणीत माझी जीभ जेवढी चालली नव्हती तेवढी त्या बाकावर चालली. गावात येऊन चार माणसांत खरं काय ते सांगतो, असंही म्हणालो. ते म्हणाले, "आता नगं. शोभाबाईचं नाव निघंल, पुन्यांदा चौकशी लागंल." मेंढरं चारून पोट भरणाऱ्या त्या माणसाला सरकारनं म्हातारपणी एक सवलत दिली होती आणि मी ती त्याच्याकडून कायमची काढून घेतली होती. नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं.

गंगापूरची गाडी लागली. वाहक शोभाच होती. आम्ही दोघं एका बाकावर बसलो, बाबा खिडकीशी आणि मी कडेला. गाडी शहराबाहेर पडताना शोभा मशीन घेऊन आमच्यापाशी आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. माझ्या सांगण्याचा उपयोग झाला नाही हे तिला कळलं. बाबांनी पैसे पुढं केले. तिनं पूर्ण तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

मग मी वरच्या खिशाकडं हात नेला. निवृत्त कर्मचाऱ्यांना खात्याकडून मोफत पास मिळतो, तो काढण्यासाठी. पास वाहकानं बघायचा असतो, तसा नियम आहे.

"असू द्या साहेब, तुमचा काय बघायचा," शोभा म्हणाली आणि मागच्या बाकाकडं गेली.

माझा हात खिशावरच राहिला. बाबांनी तिकीट मुठीत धरलं होतं. त्यांनी विचारलं, "तुमाला बी लागत नाय?"

"नाही," मी म्हणालो. "मला पास आहे."

"तिनं बघितला नाय."

"नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. मला नीट बसता यावं म्हणून ते खिडकीकडं थोडे सरकले.